सव्वातीन

एतेरी माझ्या टेबलावर पिशवी उलटी करते:
एकेचाळीस लारी, निम्मी नाणी,
आणि एक बटण.
"एवढ्यात पाच कॉम्प्युटर," ती म्हणते,
बटण परत घेते.

मी एकोणीस वर्षं रोपवे चालवला,
चियातुराच्या डोंगरावर माणसं चढवली, उतरवली,
खाणीतून आलेली, काळ्या नखांची.
डबा तोच राहायचा, दोर बदलायचे.
रोपवे बंद झाला तेव्हा
मला तेवढंच येत होतं.

वाचनालयाची ही खोकी दोन हजार आठची.
झाकण काढलं की आत
मांजराच्या पिल्लाएवढी धूळ, अंगाचं मुटकुळं करून.
एकात पेन्सिलीची सालं.
एकाच्या सीडीच्या फटीत कुणाचा तरी दुधाचा दात.
"हा माझ्या आधीचा," एतेरी घाईने म्हणते.

या सॉकेटात बसणारा प्रोसेसर
आता कुणी बनवत नाही.
पण तिबिलिसीत एका बँकेचे सर्व्हर भंगारात निघाले,
आणि माझा भाचा झाझा घासाघीस करून
पाच झेऑन घेऊन आला, मोज्यात गुंडाळून.
एकाला चार लारी.
वर त्याचं जेवण, ते मी हिशेबात धरत नाही.

तसे ते इथले नव्हेत.
खाचा भलत्या जागी, दोन टोकं उलटसुलट.
म्हणून मी ब्लेडने सॉकेटाच्या कडेचे
दोन कंगोरे छाटते, श्वास धरून,
आणि चिपच्या पोटाला लावते एक टिकली,
चीनहून पाकिटात आलेली, नखाहून लहान,
जी दोन तारांना सांगते:
तू तिकडे जा गं, तू इकडे ये.

पाचव्याला हात हलला.
पिना केसाहून बारीक, एक आडवी झाली.
सुईने उभी करायला गेले, तुटली.
एतेरी काही बोलली नाही.
तिचं न बोलणं मला चार लारीहून महाग पडलं.

याच बँकेने माझ्या फ्लॅटचं व्याज मोजलं होतं.
कदाचित यातल्याच एकाने,
रात्री तीनला, शेवटच्या पैपर्यंत, बिनचूक.
मी त्याच्या पाठीवर थर्मल पेस्ट ठेवते,
मटाराच्या दाण्याएवढी.
राग आहेच म्हणा.
पण पेस्ट सारखी पसरली पाहिजे.

मेमरी मात्र गावचीच,
खाणीच्या कुलूपबंद ऑफिसातली,
दोन-दोन जीबीच्या पट्ट्या, वॉचमनला दहा लारी देऊन.
शाळेच्या खोडरबराने त्यांचे पिवळे दात घासले.
जुनं ते सोनं म्हणतात;
इथे खरंच असतं, नखाने खरवडलं तर संपेल इतकं.
दोन अंगठे. कट्. कट्.

पहिल्यांदा पडदा काळाच.
पंखा फिरतो, आत कुणी नसल्यासारखा.
एतेरी छातीवर क्रूस काढते.
मी पट्टी उपसते, पुन्हा दाबते.
एक बीप.

मग तो अक्षरं लिहितो:
बसवलेली मेमरी आठ.
वापरता येण्याजोगी सव्वातीन.
"बाकीची कुणी खाल्ली?" एतेरी विचारते.
कुणी नाही. सिस्टिम जुनी, बत्तीस बिटची,
तिला चाराच्या पुढे मोजताच येत नाही.
आठ द्या, सोळा द्या,
ती सव्वातीनवरच बोट ठेवून बसणार.

एतेरी खूप वेळ पडद्याकडे बघते.
"माझा नवरा," ती म्हणते. मग हसायलाच लागते,
इतकी की मला स्टुलावर बसावं लागतं.

नवी सिस्टिम फुकट आहे, फक्त रात्र जाते.
रात्र गेली. चौघांच्या चार रात्री.

सोमवारी सात वर्षांची नुत्सा येऊन बसते,
नेहमीसारखं मांडीत संत्रं.
डायनोसॉरचं चित्र उघडेपर्यंत
तिचं एक संत्रं सोलून, खाऊन व्हायचं,
साली खिडकीत ओळीने मांडूनसुद्धा.

ती बटण दाबते, अंगठा सालीत खुपसते,
आणि डायनोसॉर आलेला असतो.

नुत्सा पडद्यामागे वाकून बघते.
मग माझ्याकडे, जरा रागानेच:
"थांब ना. अजून सोललं पण नाही."